पेडलाला एक सूत

जीपच्या चाकाच्या ड्रमवर मी पापड भाजून खाल्लाय, हे कोणी खरं मानत नाही. मानू नका. आमच्या घरातलं माणूससुद्धा मानत नाही, आणि तो पापड तिनंच लाटलेला होता.

बुधवार होता, बाजाराचा दिवस. बाराच्या सुमाराला भैरू गावड्याची जीप स्टँडमागच्या माझ्या गॅरेजकडं आली. आली म्हणजे, आणली गेली. पहिल्या गिअरात इंजिन बोंब मारतंय, भैरू स्टिअरिंगवर छाती टेकून तिला पुढं रेटतोय, आणि मागनं सहा उतारू धोतराचे सोगे खोचून ढकलताहेत. एवढं करून गाडी मुंगीच्या चालीनं येत होती. मागची लाल बत्ती भर दुपारी पेटलेली. चारी चाकांतनं धूर, आणि वास असा की शेजारच्या पिठाच्या गिरणीतल्या बायका नाकाला पदर लावून बाहेर आल्या.

"मिस्त्री," भैरू उतरून म्हणाला, "ब्रेक धरतोय."

"तू पाय काढलायस ना त्याच्यावरनं?"

"मी आता खाली उभा हाय, मिस्त्री."

तेही खरंच होतं. मी पुढचं डावं चाक उतरवलं. आतला ड्रम निळसर पडलेला. पाण्याचा थेंब टाकला तर तो खाली पडायच्या आधीच नाहीसा झाला. बायकोनं बाजेवर पापड वाळत घातले होते, त्यातला एक उचलून मी ड्रमवर टेकवला. फुलला! कडेनं जरा करपला, पण मधे काय फुलला! अर्धा मी खाल्ला आणि अर्धा भैरूला देऊ केला.

भैरूनं पापडाकडं बघितलंसुद्धा नाही. "परवा शुक्रवारी पासिंग हाय," तो म्हणाला.

तेव्हा माझ्याही घशात पापड अडकला.

भैरूची जीप लष्कराच्या लिलावातली. हेळवाडी म्हणजे खिंडीपलीकडं पंचवीस उंबऱ्यांचं गाव, आणि तिथनं तालुक्याला यायचं ते पायी, नाहीतर भैरूच्या जीपनं. सरकारी साहेब तीन महिन्यांतनं एकदा आमच्या मैदानावर येऊन गाड्या तपासायचा. मागच्या खेपेला जीप साहेबापर्यंत पोचलीच नव्हती, खिंडीतच जाम होऊन बसली होती. ह्या खेपेला पास झाली नाही तर उतारू बंद. भंगारवाला येऊन बॉनेटवर बोटं वाजवून गेला होता. मुंबईहून चुलतभावाचं पत्र आलं होतं, एका कारखान्याच्या फाटकावर जागा आहे, एकट्यानं ये, खोलीत सातजण राहतो, आठवा मावेल. ते पत्र भैरूच्या खिशातनं अर्धं बाहेर डोकावत होतं.

"पास झाली तर गाडी," भैरू म्हणाला, "न्हाईतर मुंबई."

पुढच्या सीटवर त्याची बायको गौरा बसली होती, मांडीवर बाजाराची पिशवी धरून. लग्नाला दोन वर्षं झालेली. बोलायची कमी, पण कानावर पडलेलं विसरायची नाही. ती गाडीतनं उतरली नाही. जणू ती उतरली की भंगारवाला येऊन गाडी नेईल.

आता ह्यात माझं काय जात होतं? माझी इभ्रत जात होती. कारण दहाच महिन्यांपूर्वी ह्याच गाडीचे ब्रेक मी माझ्या हातानं बांधले होते. नवे लायनर, नवी रबरं, सगळं. आणि गाडी ताब्यात देताना दोघांना उभं करून चार गोष्टी बजावल्या होत्या.

"मी सांगितलेलं पाळलंस का?" मी भैरूला विचारलं.

"सगळं. ब्रेकचं तेल तुम्ही सांगितल्यालंच. ओढ्यातनं गाडी काढली की ब्रेक दाबून वाळवतो."

"आणि पेडलाचं सूत?"

भैरू उत्तर द्यायच्या आतच गौरा सीटवरनं म्हणाली, "ते बी हाय. दर म्हैन्याला."

"शाब्बास!" मी म्हटलं. "बघा, असं लक्ष पाहिजे गाडीवर."

ती एवढीशी हसली आणि पदर सारखा केला. आणि माझ्या डोक्यातनं पेडल सुटलं. पेडल ठीक आहे म्हटल्यावर त्याकडं कशाला बघायचं? पुढचा दीड दिवस मी त्या गाडीचं सगळं बघितलं, फक्त पेडल बघितलं नाही.

तासाभरात ड्रम गार झाले. चारी चाकं उचलून फिरवली तर वाऱ्यावरच्या भिरभिऱ्यासारखी फिरली. गार असली की गाडी साळसूद, इतकी की बघणाऱ्याला वाटावं मिस्त्रीच खोटं बोलतोय. मी लायनर जरा आत घेतले आणि गाडी मरगूबाईच्या देवळापर्यंत पिटाळली. जाताना दीड मैल छान गेली. येताना अर्ध्यावर जड झाली, गिरणीपाशी जाम. पुन्हा धूर, पुन्हा वास, पुन्हा गिरणीतल्या बायका.

तोवर उतारू बाजार आटपून परत आले होते आणि प्रत्येकाकडं एक रोग होता. एक म्हणाला, स्प्रिंगा मेल्यात. दुसरा म्हणाला, डिझेल पातळ आहे, जीप पेट्रोलची असूनसुद्धा. तिसरा एक म्हातारा बराच वेळ गाडीभोवती फिरला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "माझं ऐकाल तर सांगतो. कुणीतरी ह्या गाडीला काहीतरी बांधलंय."

"गप बसा, मामा," मी म्हटलं. "हे शास्त्र आहे."

आता आठवलं की वाटतं, त्या म्हाताऱ्याला गॅरेज द्यावं आणि आपण बाजारात भाजी विकावी.

उतारू चालत हेळवाडीला गेले. भैरू-गौरा एका पावण्याकडं थांबली. गुरुवारी सकाळी आठला दोघं हजर. मी रात्रभर विचार करून ठरवलं होतं, आज गाडीच्या कलानं घ्यायचं नाही, तिला गुन्हा करताना पकडायची. मुद्दाम देवळापर्यंत नेली, जाम होऊ दिली, आणि भर उन्हात तशीच जॅकवर उचलली. चाक हलेना. मग चाकामागचं निपल, म्हणजे तेल सोडायची बारकी तोटी, पान्यानं अर्धा आटा सैल केली.

चिर्रकन तेल उडालं. माझ्या मिशीपर्यंत. आणि खळ्कन चाक मोकळं!

"सापडला!" मी ओरडलो.

"कोण?" भैरू धावत आला.

"अजून नाव कळलं नाही. पण गाव कळलं. चाकात काही दोष नाही, भैरू. तेल पुढं जातंय, पण परत येत नाही. पेडल सोडल्यावर त्यानं घरी यायला पाहिजे. कुणीतरी वाटेत दार लावून बसलंय."

मग मागोमाग शोध. दुसरं चाक, तेच. पेडलाखालच्या मास्टर सिलिंडरचा, म्हणजे जिथनं सगळं तेल ढकललं जातं त्या नळकांड्याचा, पाइप सैल केला तर चारी चाकं एकदम मोकळी. म्हणजे दार लागलं होतं ते तिथं. मी मास्टर काढून फडक्यावर मांडला. भैरू आणि गौरा दोन्ही बाजूंनी वाकून बघायला लागली.

"हे भोक दिसतं?" मी दाखवलं. "टाचणीच्या टोकाएवढं. पाय उचलला की तेल ह्यातनं टाकीत परत जातं. हे बुजलं की आतलं तेल तापतं, फुगतं, आणि कोणी पेडल न दाबताच ब्रेक लावतं. लागलेला ब्रेक आणखी तापतो, तेल आणखी फुगतं. आपलं आपण गळा आवळत जातं."

"एवढ्याशा भोकानं?" गौरा म्हणाली.

"एवढ्याशानंच होतं, वहिनी."

मी ते भोक तारेनं साफ केलं. खरं सांगायचं तर ते आधीच साफ होतं, पण दोघं बघत होती. फुंकर मारून दाखवली, जोडला, तेल भरलं, हवा काढली. जेवायच्या वेळेला गाडी पुन्हा देवळाकडं काढली. येताना गिरणीच्या अलीकडं जीप जड झाली.

भैरूनं इंजिन बंद केलं. गिरणीतली एक बाई नाकाला पदर लावतच दारात आली, आणि आमची तोंडं बघून आत गेली.

ढकलत गाडी गॅरेजात आणली. भैरूनं खिशातनं पत्र काढलं, उलगडलं, पुन्हा घडी घातली.

"किती वाजता असती कोल्हापुरास्नं गाडी, मिस्त्री? मुंबईची?"

"भैरू, अजून उजाडायचा आहे शुक्रवार."

"न्हाई, आपलं ठाऊक असावं."

"ठाऊक कशाला असावं?" गौरा म्हणाली. दोन दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "गाडी दुरुस्त व्हतीया तर ठाऊक कशाला असावं?"

"कुठं व्हतीया?"

"व्हईल. मिस्त्री करत्यात न्हवं का."

"आगं, सातजणांत आठवा मावतोय म्हणून लिव्हलंय. मला काय हौस हाय व्हय?"

"मग आठवा दुसरा बघ म्हणावं."

भैरू हसला नाही. ब्रेकचं तेल संपलं होतं. बाटली आणायला म्हणून तो बाजाराकडं गेला, आणि त्याची पाठ अशी दिसत होती की तो बाटली आणेल का सरळ एसटीत बसेल, सांगता येत नव्हतं.

मी गाडीखाली शिरलो. काम होतं म्हणून नव्हे. वर राहिलो असतो तर गौरावहिनीच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं.

खाली उताणा पडून, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, मी पेडलापासनं मास्टरला जाणारा दांडा बघत बसलो. दहा महिन्यांपूर्वी त्याची लांबी मी बसवली होती आणि नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला होता. ठिपका जागच्या जागी. नट हललेला नाही, दांडा वाकलेला नाही. मी दोन बोटांत धरून तो हलवून बघितला.

हलेना.

आता इथं माझ्या खानदानाचं सांगायला पाहिजे. मी गुंडू सुतार. नावाचा नव्हे, जातीचा सुतार. बाप रंधा मारायचा, मी पाने धरले. सुतारकी सोडली पण माप सुटलं नाही. इंचाचे आठ भाग, त्यातला एक म्हणजे सूत. मिलिमीटर आले, सेंटिमीटर आले, मी आपला सुतातच. त्या दांड्याच्या टोकाला मी दहा महिन्यांपूर्वी एक सूत मोकळीक ठेवली होती. पेडल सोडल्यावर दांडा मास्टरला चिकटून राहू नये, तेलाचं दार उघडं राहावं, एवढ्यासाठी. आणि आता तिथं केस घालायला जागा नव्हती.

"आयला!" मी गाडीखालनं ओरडलो. "सूत गेलं कुठं?"

वरनं गौरावहिनींचा आवाज आला. "हाय की, मिस्त्री."

"अहो, नाही!"

"हाय वो. तिथंच हाय."

"कुठं आहे? मी डोळ्यांनी बघतोय, नाही सूत!"

"तुम्ही खालनं बघाय लागलाय. वरनं या. गोणपाटाखाली हाय."

मी पडल्या पडल्या थांबलो. गोणपाटाखाली?

"वहिनी," मी जरा सबुरीनं विचारलं, "कसलं सूत?"

"कसलं म्हणजे? कच्चं सूत. वडाला गुंडाळतो ते."

मी गाडीखालनं कसा बाहेर आलो मला माहीत नाही. वरनं आलो असेन, इंजिनातनं. ड्रायव्हरच्या पायाखालचं गोणपाट उचललं. पेडलाचा लोखंडी हात जिथं फळीच्या खाचेतनं खाली जातो, तिथं, बरोबर तिथंच, अंगठ्याएवढी जाड, तेलानं आणि चिखलानं काळीभोर झालेली एक गुंडाळी होती. गाडीचाच एखादा भाग वाटावी इतकी मुरलेली. पाय काढला की पेडल मागं येत होतं आणि ह्या गुंडाळीला टेकून थांबत होतं. एक सूत अलीकडं.

"धा वेढं हायत," गौरावहिनी म्हणाल्या. "दर पुनवेला एक. आंघुळ करून, ह्यांनी उठायच्या आधी. वर बांधलं असतं, पण उतारू हसत्यात."

"पण कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"तुम्हीच!" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वेड लागलं असावं. "गाडी न्यायला आलो तवा. तुम्ही म्हणालासा, पेडलाला एक सूत ठेवायचं. दर म्हैन्याला बघायचं. सूत हाय तवर गाडी दगा द्यायची न्हाई."

शब्द न् शब्द. मीच बोललो होतो ते, बोट उगारून, मोठा मिस्त्री असल्यासारखा.

मी खिशातनं चाकू काढला. त्यांनी माझा हात धरला. परक्या बाईनं परक्या पुरुषाचा हात धरणं म्हणजे त्या काळी काय, ते जाणत्यांनी समजून घ्यावं.

"तोडू नका!"

"वहिनी, ह्यानंच ब्रेक धरतोय."

"खिंड हाय मिस्त्री ती. एका अंगाला कडा, एका अंगाला दरी. रोज दोन येळा जात्यात हे. मी घरात बसून किती वाजलं ते बघत असती. ह्या सुतावर धा म्हैनं मी झोपली. तोडायचं न्हाई."

आता हिला काय सांगावं? शास्त्र सांगून झालं होतं, भोकसुद्धा दाखवून झालं होतं. मी फळीवरची बापाची घडीची पट्टी आणली, उलगडली, आणि तिच्यावरची बारकी रेघ दाखवली.

"हे बघा. इथनं इथपर्यंत. सुताराच्या भाषेत ह्याला सूत म्हणतात. मी हे म्हणत होतो."

"ह्यात सूत कुठं हाय? नुस्ती जागा हाय."

"तेच तर. नुस्ती जागा. गुंडाळायचं काही नाही त्यात. तेवढं मोकळं सोडायचं असतं."

त्या पट्टीकडं बघत राहिल्या. मग पेडलाकडं. मग हळूच खाली बसल्या, पायरीवर.

"म्हणजे मीच त्यास्नी मुंबईला लावत हुते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नव्हे. मी. सुताराच्या तोंडात सूत होतं, तुमच्या कानात दुसरं गेलं. चूक तोंडाची."

"त्यास्नी सांगू नका." डोळे पुसून त्या एकदम म्हणाल्या. "म्हणतील, गाडी बायकूनंच मारली. रागानं न्हाई म्हणायचे, हसत म्हणतील. पर जल्मभर म्हणतील."

"नाही सांगत. पण आता काढूया का? भैरू येईल."

"चाकू नगं. मी सोडती."

आणि त्या सोडायला लागल्या. दहा महिन्यांचं तेल प्यालेलं सूत, गाठ दगडासारखी. नखांनी होईना, तेव्हा दातांनी. एक वेढा, दुसरा वेढा. प्रत्येक वेढ्याला ओठ हलत होते, काहीतरी म्हणत होत्या, ते मी ऐकलं नाही. पाचव्याला मी रस्त्याकडं बघितलं तर कोपऱ्यावर भैरू, हातात बाटली.

"भैरू!" मी तिथनंच ओरडलो. "कसली बाटली आणलीस?"

"तुम्ही सांगितल्याली!"

"ती नको! दुसरी आण!"

"दुसरी कंची?"

"मोठी!"

बिचारा वळला. आठवा, नववा. मोठी बाटली घेऊन भैरू पुन्हा कोपऱ्यावर आला तेव्हा दहावा वेढा सुटत होता. वहिनींनी तो काळा बोळा कमरेला खोचला. मी पेडलावर हात ठेवला, दाबला, सोडला. टक्! पेडल मागं येऊन फळीला टेकलं. असा आवाज मी नव्या गाडीत ऐकला नव्हता.

भैरू दारात. आणि माझ्या हातात दाखवायला काही नाही. मी खाली वाकलो, जमिनीवरनं हाताला लागला तो एक खडा उचलला, हरभऱ्याएवढा.

"हा बघ तुझा गुन्हेगार! पेडलाच्या खाचेत बसला होता. पेडल पुरतं मागंच येऊ देत नव्हता."

भैरूनं खडा घेतला, उलटा-सुलटा केला. मग बायकोकडं बघितलं. तिच्या ओठाला काळं लागलं होतं.

"एवढासा?" तो म्हणाला.

"एवढ्याशानंच होतं," गौरावहिनी म्हणाल्या.

आम्ही देवळापर्यंत गेलो. परत आलो. गिरणीपाशी तिघांनीही श्वास धरला, आणि गिरणी मागं गेली. तसंच पुढं खिंडीच्या पहिल्या वळणापर्यंत चढवली, उतरवली, परत आणली. गॅरेजसमोरच्या सपाटीवर भैरूनं गिअर काढला, इंजिन बंद केलं, पाय वर घेतले, आणि गाडी आपली आपण चालत राहिली. कोणी ढकलत नाही, कोणी ओढत नाही, तरी चाललीय. आंब्याच्या बुंध्यापाशी ब्रेक दाबला तेव्हा थांबली. मागची लाल बत्ती लागली, पाय काढल्यावर विझली. मी वाकून ड्रमवर तळवा ठेवला. कोमट, झोपेतनं उठलेल्या लेकराच्या गालासारखा.

"बघू मला," म्हणून वहिनी उतरल्या आणि मागं जाऊन एका हातानं जीप ढकलली. हलली! एका हातानं! तशा त्या जे हसायला लागल्या, ते पदर तोंडात घातला तरी थांबेना. भैरू तिच्याकडं बघून हसायला लागला, मी दोघांकडं बघून. गिरणीतल्या बायका बाहेर आल्या, आणि ह्या वेळी नाकाला पदर नव्हता.

भैरू थोड्या वेळानं इंजिनातलं तेल बघत होता. तेलाची पट्टी पुसायला त्याला फडकं सापडेना. त्यानं खिशातलं पत्र काढलं आणि त्याला पुसली.

निघताना मी वहिनींना हळूच म्हटलं, "बांधायचंच असेल तर आरशाच्या दांड्याला बांधा. एक वेढा. तिथं काही अडत नाही." त्यांनी मान हलवली.

शुक्रवारी साहेबानं जीप मैदानावर पळवली, ब्रेक मारला, सोडली, माणसाकडनं ढकलून बघितली. "कोणी केलं काम?" म्हणाला. भैरूनं माझ्याकडं बोट दाखवलं. जीप पास.

ह्याला आता तीस वर्षं होऊन गेली. वहिनींना शब्द दिला होता, म्हणून मी सगळीकडं खड्याचीच गोष्ट सांगत आलो. खोटं सांगायचंच तर नीट सांगावं, असं माझं मत आहे. पहिल्या वर्षी खडा हरभऱ्याएवढा होता. पुढं सुपारीएवढा झाला. एका लग्नात तर लिंबाएवढा सांगितला आणि लोकांनी लिंबाएवढासुद्धा मानला. पापड मात्र कोणी मानला नाही, जो खरा होता.

मागच्या खंडेनवमीला भैरूनं नवी पिकअप घेतली म्हणून पूजेला आम्हा नवरा-बायकोला हेळवाडीला बोलावलं. फणसाखाली जुनी जीप उभी होती. आता चालत नाही, पण हळदकुंकू तिलाही होतं, आणि आरशाच्या दांड्याला सुताचा एक पांढरा वेढा. नारळ फुटला, प्रसाद झाला, पंचवीस माणसं अंगणात बसली आणि कोणीतरी म्हणालं, मिस्त्री, ती खड्याची सांगा. मी सांगितली. पापड सांगितला, धूर सांगितला, साहेब सांगितला. गौरावहिनी शेंगा सोलत खाली मान घालून हसत होत्या.

"आणि हात घातला तर काय," मी मूठ वर करून म्हटलं, "असा बटाट्याएवढा खडा!"

"मिस्त्री," भैरू म्हणाला, "खोटं."

पंचवीस माना त्याच्याकडं वळल्या.

"एवढा खडा असता तर माझा पाय कुठं मावला असता?"

"बरं, सुपारीएवढा," मी म्हटलं.

"न्हाई."

"हरभऱ्याएवढा. आता ह्याखाली येणार नाही मी."

"खडाच न्हवता, मिस्त्री. खडा तुम्ही माझ्या म्होरं खालनं उचलला. मी दारातच हुतो." तो बोलत होता माझ्याशी, पण बघत होता बायकोकडं. शेंगा सोलायच्या थांबल्या होत्या. "दर पुनवेला गोणपाट उलटं घातल्यालं असायचं. उचलून बघितलं तर सूत. बांधणाऱ्याच्या मनात काय असंल त्याला ठाऊक म्हणून मी हात लावला न्हाई, कुणाला बोललो न्हाई. पासिंगच्या दिशी बघितलं तर पेडलाखाली न्हवतं, आरशाला हुतं."

गौरावहिनींनी पदर तोंडावर घेतला. रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. माझी बायको म्हणाली, "तरी मी म्हणत हुते."

मी घसा खाकरला. "अरे, पण खडा..."

"आता सांगा की, मिस्त्री," भैरू म्हणाला, "खडा कधी पेडलाखालनं उठून आरशाला गाठ मारून बसतोय व्हय?"